वेगवान गोलंदाजाची कारकीर्द किती वर्षे टिकते? साताऱ्याच्या एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, डावखुरा वेगवान गोलंदाज, यंदा बारावीला आहे. जिल्ह्याच्या 19 वर्षांखालील संघात त्याची निवड झाली आहे, झहीर खान त्याचा आदर्श आहे, आणि अकादमीतील प्रशिक्षकांचे म्हणणे असे की दोन वर्षांत वेग ताशी 140 किलोमीटरपर्यंत नेला तर पुढचा मार्ग मोकळा होईल. आंतरराष्ट्रीय वेगवान गोलंदाजाची कारकीर्द साधारण किती वर्षे चालते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे, म्हणजे त्यासाठी अभियांत्रिकीचा विचार सोडून द्यावा की नाही हे ठरवता येईल. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, आपण असेही लिहिले आहे की गेले दोन महिने सरावानंतर त्याची कंबर उजव्या बाजूला दुखते, पण दोन-तीन दिवस विश्रांती घेतली की बरे वाटते.

मी उत्तराची सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करतो. पश्चिम महाराष्ट्रातील वयोगटांच्या संघांतील वेगवान गोलंदाजांना मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात खरी महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा अशीच शेवटी येते. डावखुऱ्या गोलंदाजाची कंबर उजव्या बाजूला दुखणे, गोलंदाजी केली की वाढणे, विश्रांतीने थांबणे आणि पुन्हा गोलंदाजी सुरू केली की परत येणे, हे स्नायू आखडल्याचे लक्षण म्हणून सोडून देण्यासारखे नाही. या वयाच्या वेगवान गोलंदाजात असे दिसले की कमरेच्या मणक्याच्या हाडावर ताण आलेला आहे, असे गृहीत धरूनच पुढे जावे आणि तपासणीने ते चूक ठरले तर आनंद मानावा. उलट क्रमाने गेलेल्या मुलांचे एकेक हंगाम वाया गेलेले मी पाहिले आहेत.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होईल. चेंडू सोडण्याच्या आधी गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या साधारण पाच-सहा पट, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त, बल त्या पायातून वर कमरेकडे जाते. नेमक्या त्याच क्षणी पाठीचा कणा मागे कललेला असतो, एका बाजूला झुकलेला असतो आणि पिळही घेत असतो. हा सगळा भार कमरेच्या खालच्या, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मागील बाजूच्या एका अरुंद हाडावर येतो, आणि तोही हाताच्या विरुद्ध बाजूला. म्हणून उजव्या हाताने टाकणाऱ्याला डावीकडे दुखते आणि आपल्या मुलाला उजवीकडे. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी थोडे जुने हाड काढते आणि मग तेथे नवे, अधिक घट्ट हाड भरते. त्या मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते. भार हळूहळू वाढवला तर हे काम वेळेवर पूर्ण होते आणि पाठ खरोखरच मजबूत होते. भार एकदम वाढला तर भरण्याआधीच हाड थकते आणि त्याला बारीक भेग जाते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. कमरेच्या मणक्यांचे हाड पूर्ण घट्ट व्हायला विशीचा पूर्वार्ध उलटावा लागतो, त्यामुळे सतरा ते बावीस या वयात धोका सर्वांत जास्त असतो. दुर्दैवाने निवड समित्यांचे लक्ष जाण्याचे वयही हेच आहे.

तेव्हा पहिले काम हे करा की त्याची गोलंदाजी आजपासून थांबवा आणि खेळाडूंच्या दुखापतींचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका, कारण सुरुवातीच्या अवस्थेत एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. भेग पडण्याआधी हाडाला आलेली सूजदेखील एमआरआयमध्ये दिसते, आणि त्या टप्प्यावर कळले तर बरेच काही वाचते. घरी एक गोष्ट पाहता येते. त्याला उजव्या पायावर उभे राहून हळूच मागे वाकायला सांगा, आणि त्याच ठिकाणी टोचल्यासारखे दुखते का ते विचारा. यावरून निदान होत नाही आणि दुखले नाही म्हणून तपासणी टाळूही नये, पण दुखले तर तपासणी पुढे ढकलण्याचे कोणतेच कारण उरत नाही. फक्त हाडावर ताण असेल तर सहसा दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असतो. भेग असेल तर सामन्यात पूर्ण वेगाने गोलंदाजी करायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात. नेमका काळ डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील, प्रशिक्षकाने ठरवू नये, आणि हे मी स्वतः प्रशिक्षक असून सांगतो आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आंतरराष्ट्रीय वेगवान गोलंदाजाची कारकीर्द किती वर्षांची असते, याला एकच आकडा देता येत नाही, आणि कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. न्यूझीलंडचा शेन बाँड हा त्याच्या काळातला अत्यंत धारदार गोलंदाज होता, पण 2001 ते 2009 या काळात पाठीने आणि इतर दुखापतींनी त्याला जेमतेम 18 कसोटी खेळू दिल्या. त्यांत त्याने 87 बळी घेतले. त्याच पिढीच्या थोडा मागून आलेला इंग्लंडचा जेम्स अँडरसन 188 कसोटी खेळला, 704 बळी घेतले आणि जुलै 2024 मध्ये लॉर्ड्सवर थांबला, तेव्हा तो बेचाळिशीला टेकला होता. अँडरसनची पाठही वाचलेली नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत त्याची शैली बदलण्याचे प्रयत्न झाले, 2006 मध्ये त्याला पाठीचे स्ट्रेस फ्रॅक्चर झाले आणि त्यानंतर तो आपल्या मूळच्या शैलीकडे परतला. म्हणजे दुखापत दोघांनाही झाली. फरक पुढे काय झाले यात आहे, आणि त्यात शरीराची घडण, योग्य वेळी मिळालेली विश्रांती, देशातील व्यवस्था आणि नशीब या सगळ्यांचा वाटा आहे. यातले काही आपल्या हातात आहे, काही नाही.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना मी हमखास सांगतो ते उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सचे. नोव्हेंबर 2011 मध्ये जोहान्सबर्गला, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने कसोटी पदार्पण केले, दुसऱ्या डावात 79 धावांत 6 बळी घेतले आणि सामनावीर ठरला. त्याची पुढची कसोटी थेट मार्च 2017 मध्ये रांचीला झाली. मधली पाच वर्षे प्रामुख्याने पाठीच्या दुखापतींत गेली. ऑस्ट्रेलियासारख्या देशात, उत्तम डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असताना, एवढा गुणी मुलगा हाड पक्के होईपर्यंत कसोटीत परतू शकला नाही. आज तो 300 हून अधिक कसोटी बळी घेतलेला कर्णधार आहे. ती पाच वर्षे कोणी घाईत वापरून टाकली असती तर आज त्याचे नाव बाँडच्या शेजारी घेतले गेले असते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या मुलाचा आदर्श झहीर खान आहे, म्हणून त्याच्या कारकिर्दीकडे थोडे बारकाईने पाहू या. आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक गोष्टी तिच्यात सापडतात. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावात 1978 साली जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला आला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या हाताखाली खेळू लागला, आणि तेथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये, म्हणजे वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या संस्थेत, गेला. तेथे मार्गदर्शनाला ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिली होते. स्वतः लिली यांची पाठ 1973 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात स्ट्रेस फ्रॅक्चरने गेली होती आणि दीर्घ विश्रांती व व्यायामानंतर त्यांनी 1974-75 च्या अ‍ॅशेस मालिकेत पुनरागमन केले होते. मोडलेली पाठ पुन्हा उभी करून आलेल्या माणसाने भारतातील वेगवान गोलंदाजांच्या एका अख्ख्या पिढीला घडवले, याचे मोल मला फार वाटते. झहीरला पहिले प्रथम श्रेणीचे सामने मुंबईकडून मिळाले नाहीत, ते बडोद्याकडून मिळाले. ऑक्टोबर 2000 मध्ये नैरोबीला त्याचे एकदिवसीय पदार्पण झाले आणि पुढच्याच महिन्यात ढाक्याला, बांगलादेशच्या पहिल्याच कसोटीत, त्याचे कसोटी पदार्पण झाले.

तेथून 2014 पर्यंत तो 92 कसोटी खेळला आणि 311 बळी घेतले. एकदिवसीय सामन्यांत 200 सामने आणि 282 बळी. हे आकडे मुलांना पाठ असतात. 2006 साली काय झाले ते मात्र मुलांना बहुधा ठाऊक नसते. त्या वर्षाच्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर झहीर संघाबाहेर गेला. वय सत्तावीस, पाच-सहा वर्षांचा अनुभव, मधल्या काळात दुखापतीही होऊन गेलेल्या, आणि नवे गोलंदाज दारात उभे. अनेकांची कारकीर्द याच ठिकाणी संपते. तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी, म्हणजे तिथले देशांतर्गत क्रिकेट, खेळायला गेला, तेथे हंगामभर आठवड्यामागून आठवडे लांब स्पेल (एका टोकाकडून सलग षटके) टाकले आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 78 बळी घेतले. त्याच काळात त्याने रनअप आखूड केला आणि चेंडू टाकण्याआधीची ती प्रसिद्ध मोठी उडी कमी केली. उडी कमी झाली की पुढच्या पायावरचा आघात कमी होतो, डोके स्थिर राहते, मनगटावर ताबा राहतो आणि दिवसाच्या शेवटच्या सत्रातही तीच गोलंदाजी करता येते. वेग थोडा उतरला, पण चेंडू दोन्ही बाजूंना हलू लागला.

त्याचे फळ 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजला दिसले. पहिल्या डावात 4 आणि दुसऱ्या डावात 5 असे 9 बळी घेऊन त्याने ती कसोटी भारताला मिळवून दिली, आणि 1986 नंतर प्रथमच भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. आणखी एक तुलना आपल्या मुलाला स्वतः व्हिडिओ काढून पाहायला सांगा. 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झहीरच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या. तेव्हा अंगात वेग होता, आवेशही होता, पण चेंडूवर ताबा राहिला नाही. 2011 च्या अंतिम सामन्यात, वानखेडेवर, त्याच गोलंदाजाचा पहिला स्पेल 5 षटके, 3 निर्धाव, 6 धावा, 1 बळी असा होता, आणि त्या स्पर्धेत त्याने 21 बळी घेतले. आठ वर्षांत शरीर म्हातारे झाले होते आणि गोलंदाज तरुणपणापेक्षा किती तरी चांगला झाला होता. वेगवान गोलंदाजाची कारकीर्द लांबते ती अशी: शरीर जे देऊ शकत नाही त्याच्या जागी कौशल्य आणून ठेवावे लागते, आणि ते कौशल्य शिकायला शरीर धडधाकट असतानाच वेळ मिळावा लागतो.

एवढे करूनही दुखापती थांबल्या नाहीत. विश्वचषकानंतर साडेतीन महिन्यांनी लॉर्ड्सवर, मालिकेच्या पहिल्याच दिवशी, मांडीच्या मागचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला. त्यानंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली आणि भारत ती मालिका 4-0 ने हरला. तो परतला, आणखी दोन वर्षे खेळला, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये वेलिंग्टनला, ब्रेंडन मॅकलमने त्रिशतक केले त्याच डावात 5 बळी घेऊन त्याची कसोटी कारकीर्द संपली. वरवर पाहता ही चौदा वर्षांची कारकीर्द आहे. पण तिच्यात बाहेर बसण्याचे, पुन्हा चालायला, पळायला आणि मग टाकायला शिकण्याचे जे महिने आहेत, ते वेगळे काढून ठेवता येणार नाहीत. मुलाला झहीर व्हायचे असेल तर त्याला हे महिनेही स्वीकारावे लागतील, आणि त्यातला पहिला कदाचित आत्ता सुरू होतो आहे.

यावर काही पालक विचारतात की आता खेळाडूंची एवढी काळजी घेतली जाते, मग दुखापती का होतात. जसप्रीत बुमराहचे उदाहरण घ्या. 2023 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडमध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, तो परतला, 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत 32 बळी घेतले, आणि सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठ धरल्यामुळे दुसऱ्या डावात त्याला एकही चेंडू टाकता आला नाही. पुढे 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळेल हे आधीच ठरले होते आणि तो तीनच खेळला. यावर टीका झाली, पण माझ्या मते तो निर्णय योग्य होता. जगातील सर्वोत्तम गोलंदाजासाठी जर षटके मोजून ठेवावी लागत असतील, तर सतरा वर्षांच्या मुलासाठी ती मोजलीच पाहिजेत.

आणि येथेच आपल्याकडचा सर्वांत मोठा दोष आहे. जिल्ह्याच्या मुलाची षटके कोणीच मोजत नाही. शाळा-कॉलेजचा संघ, क्लब, जिल्ह्याचा संघ आणि एखादी निमंत्रितांची स्पर्धा, हे सगळे हिवाळ्यात त्याच सहा-आठ आठवड्यांत येते. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपल्यापुरती षटके दिसतात. त्यात रात्रीच्या प्रकाशात होणाऱ्या टेनिस बॉलच्या बक्षिसी स्पर्धा असतात, ज्यांत गावाच्या आग्रहाखातर मुलगा जातो आणि कोणाला सांगत नाही. टेनिस बॉल हलका असला तरी पाय त्याच जोराने आदळतो. शिवाय आपल्या भागातील बरेच सामने सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर होतात. तेथे स्पाइक्स घालता येत नाहीत, रबरी तळव्याच्या बुटांत पाय थोडा घसरून मग अडकतो, आणि खालची जमीन तसूभरही दबत नाही. तेवढीच षटके गवताच्या खेळपट्टीवर टाकणे आणि मॅटिंगवर टाकणे यांत पाठीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

सर्वांत जास्त चेंडू मात्र नेटमध्ये जातात. चार-पाच गोलंदाज आळीपाळीने टाकत असतील तर तासाभरात प्रत्येकाचे दहा-बारा षटकांइतके चेंडू सहज होतात, आणि त्यांत सामन्यातल्यासारखी षटकांमधली विश्रांतीही नसते. म्हणून मी माझ्या मुलांना षटके न मोजता चेंडू मोजायला सांगतो, आणि नेट, सामना, टेनिस बॉल असे सगळे एकाच वहीत लिहायला लावतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयोगटांसाठी आखलेल्या दंडकांत 16 ते 19 वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये 7 आणि एका दिवसात 18 षटकांची मर्यादा बराच काळ राहिली आहे, आणि त्याहून लहान, 14-15 वर्षांच्या मुलांना 6 आणि 12 ची. आपल्याकडच्या उन्हात आणि मॅटिंगवर मी याहूनही थोडे खाली राहतो. मर्यादेपेक्षाही महत्त्वाचे असे की आठवड्याचा आकडा एकदम वाढू नये. दोन आठवडे परीक्षेसाठी घरी बसलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात निवड चाचणी आणि दोन सामने खेळतो, तेव्हाच सर्वाधिक पाठी दुखावतात. बारावीच्या परीक्षेनंतरचा महिना आपल्या मुलासाठी असाच धोक्याचा असेल, हे आत्ताच लक्षात ठेवा.

आता 140 च्या लक्ष्याबद्दल. वेग महत्त्वाचा आहे, आणि वरच्या स्तरावर त्याच्याशिवाय निभावत नाही, हे मी नाकारत नाही. पण सतराव्या वर्षी वेगाचे लक्ष्य आकड्यात बांधले की मुलगा तो आकडा शरीर वाकवून मिळवतो. मी नव्या मुलाला पाहतो तेव्हा गोलंदाजाच्या पाठीमागे सरळ रेषेत उभा राहतो आणि चेंडूकडे अजिबात पाहत नाही. मागचा पाय क्रीजजवळ पडतो तेव्हा त्याचा चवडा कोणत्या दिशेला आहे, कंबर कोणत्या दिशेला आहे आणि खांदे कोणत्या दिशेला आहेत, एवढेच पाहतो. कंबर आणि खांदे दोन्ही आडवे असोत वा दोन्ही समोर असोत, चालते. कंबर समोर आणि खांदे मागे पिळलेले असतील, तर त्याला मिश्र शैली म्हणतात, आणि पाठीच्या दुखापतींशी तिचा संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. आपण मोबाईल कमरेच्या उंचीवर स्टँडला लावून, स्लो मोशनमध्ये, मागून आणि बाजूने असे दोन व्हिडिओ काढून ठेवा. विश्रांतीच्या काळात त्यावर काम करता येईल. मात्र शैली बदलायची असेल तर ती पाठ बरी झाल्यावर, कमी वेगाने, हंगाम नसताना आणि एकाच प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बदलावी. दुखण्यातून उठतानाच सगळे बदलायला घेतले तर नवी दुखापत ओढवते. बुमराहची शैली पाहून ती उचलू नका, हेही मुलाला सांगा. ती त्याच्या शरीराची आहे.

व्यायाम, आहार आणि झोप याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यात गूढ असे काही नाही. पोट, पाठ, नितंब आणि मांड्या यांची ताकद वर्षभर वाढवत ठेवावी, फक्त हंगामाआधी नव्हे. जेवण पुरेसे असावे. वाढत्या वयात एवढी मेहनत करणारी मुले बहुधा कमी खातात आणि ते हाडांना भोवते. रक्तातील ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावे. बारावीचा अभ्यास रात्री जागून करायचा आणि पहाटे साडेपाचला नेटवर जायचे, हे चालणार नाही.

राहिला अभियांत्रिकीचा प्रश्न. माझे उत्तर स्पष्ट आहे की शिक्षण सोडू नका. विदर्भाच्या रजनीश गुरबानीने अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि 2017-18 च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिकही घेतली. विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो त्याच सामन्यात. उमेश यादव तर विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलच खेळत होता, त्याला पोलिसात भरती व्हायचे होते. त्याने 2008 मध्ये प्रथम श्रेणीत पदार्पण केले आणि 2011 मध्ये कसोटीत. पुढे 57 कसोटींत 170 बळी घेतले. म्हणजे वीस-एकविसाव्या वर्षी मोठ्या क्रिकेटमध्ये येणे हा उशीर नाही. वेगवान गोलंदाजासाठी तर तो अनेकदा फायदाच असतो, कारण तोपर्यंत हाडे बरीच पक्की झालेली असतात. हे सांगताना मी एक गोष्ट मान्य करतो की प्रत्येक मुलाला दोन्ही सांभाळता येत नाही, आणि कॉलेज कोणते, घरापासून मैदान किती दूर, उपस्थितीचे नियम किती कडक, यावर बरेच अवलंबून असते. साताऱ्यात किंवा पुण्यात, जेथे खेळाडूंना परीक्षेच्या वेळापत्रकात थोडी सवलत मिळते असे कॉलेज निवडता आले, तर ते मोठ्या नावाच्या कॉलेजपेक्षा उपयोगी पडेल.

अकादमीच्या प्रशिक्षकांशी बोलताना त्यांना दोष देऊ नका. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांच्यावर निकालाचा दबाव असतो. एमआरआयचा अहवाल आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला घेऊन जा, आणि चारच गोष्टी विचारा: परतल्यावर पहिल्या महिन्यात तो आठवड्याला किती चेंडू टाकणार, सलग किती दिवस टाकणार, ते कोण मोजणार, आणि दुखले तर थांबवण्याचा अधिकार कोणाला. या चारांची नेमकी उत्तरे मिळाली तर अकादमी चांगली आहे, तेथेच राहू द्या. "बघू, मुलगा दमदार आहे" असे उत्तर मिळाले, तर दुसरी जागा शोधा.

मुलाशीही बोलावे लागेल, आणि ते सर्वांत अवघड आहे. जिल्ह्याच्या संघात नाव लागलेले असताना दुखणे सांगितले तर जागा जाईल, ही भीती या वयात फार खरी असते. म्हणूनच मुले दुखणे लपवतात, वेदनाशामक गोळी घेऊन चाचणीला उतरतात. कदाचित त्याने आपल्याला दोन महिन्यांचे दुखणे सांगितले, म्हणजे ते प्रत्यक्षात त्याहून जुने असेल. त्याला रागावून विचारू नका. विश्रांतीच्या काळात मैदानावर जायला आणि संघासोबत बसायला त्याला जरूर सांगा. फलंदाजी करता येईल का हे डॉक्टरांना विचारा. मनगटाची आणि सीमची (चेंडूवरच्या शिवणीची) पकड तो घरी पाठीला त्रास न देता सुधारू शकतो: खुर्चीवर बसून, सीझन बॉल (चामड्याचा चेंडू) हातात घेऊन, सीम सरळ उभी राहील अशा बेताने वर उडवायचा आणि झेलायचा, रोज दहा-पंधरा मिनिटे.

एमआरआयचा अहवाल आला की तो आणि वर सांगितलेले दोन्ही व्हिडिओ पाठवा. अहवालात काय आहे त्यावरून परतीच्या पहिल्या बारा आठवड्यांचा चेंडूंचा तक्ता मी आपल्या फिजिओशी बोलून तयार करून देईन. तोवर त्याने नेटमध्ये एकही चेंडू टाकू नये, आणि टेनिस बॉलही नाही.